कीपर लीगमध्ये कोणाला ठेवायचं आणि ड्राफ्ट कसा खेळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या ऑफिसची फॅन्टसी फुटबॉल लीग (एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू आपल्या संघात घ्यायचे, त्यांच्या कामगिरीचे गुण आपले) पहिल्या वर्षानंतर कायमची कीपर झाली, म्हणजे काही खेळाडू पुढच्या मोसमासाठी ठेवता येतात. १२ संघ, १६ फेऱ्यांचा स्नेक ड्राफ्ट (पाळीपाळीने निवड, दर फेरीला क्रम उलटा), प्रत्येक कॅचला अर्धा गुण. एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), दोन रनिंग बॅक (धावणारे), दोन वाइड रिसीव्हर (झेलणारे), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), एक फ्लेक्स (बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड), किकर, डिफेन्स आणि बेंचवर सात जण. प्रत्येकाला तीन खेळाडू ठेवता येतात. गेल्या वर्षी खेळाडू ज्या फेरीत घेतला, तिच्या दोन फेऱ्या आधीची तुमची निवड त्याच्यापायी जाते. पुढच्या वर्षी आणखी दोन फेऱ्या वर. वेव्हरवरून, म्हणजे ड्राफ्टनंतर मोकळ्या राहिलेल्यांतून, उचललेल्याला बारावी फेरी. कमाल तीन वर्षं. पहिल्या दोन फेऱ्यांत घेतलेले मात्र ठेवता येत नाहीत. कोणते तीन ठेवावेत आणि उरलेला ड्राफ्ट कसा करावा?

एक गोष्ट मनात पक्की करा: तुम्ही खेळाडू ठेवत नाही, सवलत ठेवता. खुल्या ड्राफ्टमध्ये तो ज्या भावाला गेला असता आणि तुम्हाला ज्या भावाला पडतो आहे, त्यातला फरक हीच तुमची कमाई. संघातला सगळ्यात मोठा खेळाडू पूर्ण किंमत देऊन ठेवला तर हाती काहीच लागत नाही, उलट तीनपैकी एक जागा अडते. आयपीएलमध्येही कोणाला राखायचं हे ठरवताना हाच हिशेब असतो. राखलेल्याचे पैसे शेवटी त्याच थैलीतून जातात.

बहुतेक जण हा फरक फेऱ्या मोजून काढतात, आणि तिथेच चुकतात. बाराव्या फेरीच्या भावात पाचव्या फेरीचा खेळाडू मिळतोय म्हणजे सात फेऱ्यांचा फायदा, आणि तिसऱ्या फेरीच्या भावात पहिल्या फेरीचा मिळतोय म्हणजे फक्त दोन फेऱ्यांचा, असं दिसतं. पण फेऱ्यांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतलं अंतर प्रचंड असतं, दहाव्या आणि अकराव्यातलं जवळपास शून्य.

म्हणून प्रत्येक फेरीला पैशात किंमत लावा. प्रत्येक संघाकडे लिलावासाठी २०० डॉलर आहेत असं समजा आणि ते १६ फेऱ्यांवर पसरा. ढोबळमानाने पहिली फेरी ५४, दुसरी ४०, तिसरी ३०, चौथी २२, पाचवी १६, सहावी १२, सातवी ८, आठवी ५, नववी ४, दहावी ३ आणि अकरावीपासून सोळावीपर्यंत प्रत्येकी १. बेरीज बरोबर २०० होते. आकडे थोडे इकडेतिकडे केलेत तरी चालेल, उतार असाच राहतो.

आता समजा तुमच्याकडे चार उमेदवार आहेत. पहिला रनिंग बॅक, गेल्या वर्षी पाचव्या फेरीत घेतलेला, आज पहिल्या फेरीचा. त्याला तिसरी फेरी द्यावी लागेल: ५४ वजा ३०, कमाई २४. दुसरा रिसीव्हर, वेव्हरवरून आलेला, आज पाचव्या फेरीचा: १६ वजा १, कमाई १५. तिसरा नवव्या फेरीतला रिसीव्हर, आज चौथ्या फेरीचा, त्याला सातवी द्यावी लागेल: २२ वजा ८, कमाई १४. चौथा तिसऱ्या फेरीत घेतलेला, संघातला सगळ्यात नावाजलेला, आजही पहिल्या फेरीचा. त्याला तुमची पहिली फेरी जाते, म्हणून कमाई शून्य. त्याला सोडा. खरंच हवा असेल तर तुमच्या पहिल्या निवडीला तो शिल्लक असू शकतो, आणि त्यासाठी कीपरची जागा खर्ची पडत नाही.

यात एक बारकावा आहे. फेरीची किंमत तुमच्या क्रमांकावरही अवलंबून असते. तिसऱ्या फेरीत तुमची निवड २५वी असेल तर तुम्ही साधारण ३५ डॉलर देता, ३६वी असेल तर २६. ड्राफ्टचा क्रम कीपर कळवण्याआधी ठरत असेल तर हिशेब पुन्हा करा. आणि दोन खेळाडू एकाच फेरीत आले तर काय, हे कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, विचारून ठेवा. सहसा दुसऱ्याला एक फेरी वर ढकलतात. बाराव्या आणि अकराव्यात काही फरक नाही, पण तिसऱ्याची दुसरी झाली तर १० डॉलर गेले.

सवलत नेमकी कुठून येते, याचं ठळक उदाहरण पुका नकुआ. लॉस एंजेलिस रॅम्सनी २०२३मध्ये त्याला एनएफएलच्या पाचव्या फेरीत १७७वा निवडला. बहुतेक फॅन्टसी ड्राफ्टांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्या मोसमात त्याने १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड केले, दोन्ही तेव्हा नवख्या खेळाडूंचे विक्रम. २०२४मध्ये तो दुसऱ्या फेरीच्या आसपास जात होता. तुमच्या नियमांनुसार पहिल्या आठवड्यानंतर ज्याने तो वेव्हरवरून उचलला, त्याला तो २०२४मध्ये बाराव्या, २०२५मध्ये दहाव्या आणि २०२६मध्ये आठव्या फेरीत पडला असता. तिन्ही वर्षांचे मिळून ९ डॉलर. दरवर्षी असा खेळाडू सापडत नाही, पण कीपर लीगमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला वेव्हर हा ड्राफ्टचाच लांबलेला भाग आहे. एफएएबी पद्धतीने, म्हणजे मोसमाच्या ठरावीक बजेटातून, वेव्हरवर बोली लागत असेल तर निम्मं बजेट सप्टेंबरमध्ये खर्च करायला कचरू नका. त्याच रॅम्समध्ये त्याच वर्षी कायरन विल्यम्स असाच वर आला: १२ सामने, १,१४४ यार्ड.

किती पुढचा विचार करायचा? इथे लोक कीपर आणि डायनॅस्टी यांची गल्लत करतात. डायनॅस्टीत सगळा संघ कायमचा असतो, तिथे २१ वर्षांच्या पोरासाठी दोन वर्षं थांबणं परवडतं. तुमच्याकडे तीन जागा आणि तीन वर्षांची मर्यादा आहे, शिवाय किंमत दरवर्षी दोन फेऱ्यांनी चढते. नजर दोन मोसमांच्या पुढे नेऊ नका. चालू वर्षाच्या कमाईला पूर्ण वजन द्या, पुढच्या वर्षीच्या अंदाजाला निम्मं, तिसऱ्याला शून्याच्या जवळ. वयाकडे बघायचं ते एवढ्याच चौकटीत.

त्या चौकटीत रनिंग बॅकबद्दल सगळ्यात कठोर राहा. २७-२८च्या पुढे या जागेवरचा खेळाडू कधी कोसळेल याची सूचना मिळत नाही, आणि काहींना तेवढाही वेळ मिळत नाही. टॉड गर्ली २०१७चा ऑफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, २०१८मध्ये २१ टचडाउन. गुडघा गेला, २०१९मध्ये ८५७ यार्डांवर आला आणि मार्च २०२०मध्ये रॅम्सनी त्याला सोडलं. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. क्रिस्टियन मॅकॅफ्री २०२३मध्ये अव्वल होता आणि २०२४मध्ये फक्त चार सामने खेळला. उलट डेरिक हेन्रीने ३०व्या वर्षी, २०२४मध्ये, बॉल्टिमोरसाठी १,९२१ यार्ड काढले. हेन्रीकडे बोट दाखवून तिशीतला बॅक ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा. एका वर्षासाठी स्वस्त मिळत असेल तर जरूर ठेवा, पण पुढच्या वर्षाच्या रकान्यात शून्य लिहूनच. वाइड रिसीव्हर जास्त टिकतात. २४ ते २९ हा त्यांचा भरवशाचा काळ. कमाई सारखी असेल तर बॅकपेक्षा रिसीव्हर ठेवावा.

क्वार्टरबॅकचं उत्तर एका क्वार्टरबॅकच्या लीगमध्ये जवळजवळ नेहमी नाही असंच आहे. एनएफएलच्या बत्तीस संघांच्या क्वार्टरबॅकपैकी बाराच लागतात, आणि सातव्या-बाराव्यातला फरक दर आठवड्याला दोन-तीन गुणांचा. अपवाद धावणाऱ्यांचा. सर्वसाधारण गुणपद्धतीत फेकलेल्या २५ यार्डांना एक गुण मिळतो आणि धावलेल्या १० यार्डांना एक. फेकलेल्या टचडाउनला चार, धावलेल्याला सहा. लमार जॅक्सनने २०१९मध्ये १,२०६ यार्ड धावून काढले. म्हणजे १२०.६ गुण, फेकून तेवढे मिळवायला ३,०१५ यार्ड लागले असते. असा क्वार्टरबॅक दहाव्या फेरीनंतरच्या भावात हातात असेल तर ठेवा. सुपरफ्लेक्स लीग असेल, म्हणजे फ्लेक्समध्ये दुसरा क्वार्टरबॅकही चालत असेल, तर हा सगळा परिच्छेद उलटा वाचा: बत्तीसपैकी चोवीस लागतात, आणि ज्याच्याकडे दोन चांगले क्वार्टरबॅक स्वस्तात आहेत तो निम्मी लीग जिंकून बसतो.

टाइट एंडमध्ये पहिले दोन-तीन आणि बाकीचे यांच्यात दरी असते. ट्रॅव्हिस केल्सीने २०१६ ते २०२२ सलग सात मोसम १,००० यार्ड ओलांडले, ब्रॉक बोवर्सने २०२४मध्ये पहिल्याच वर्षी ११२ कॅच घेतले. या दर्जाचा सहाव्या फेरीखालच्या भावात मिळाला तर ठेवा, मधल्या फळीतला नको. किकर आणि डिफेन्स कधीच नाही.

उमेदवार तपासताना गेल्या वर्षीचे एकूण गुण बघू नका. त्यात टचडाउनचा वाटा मोठा असतो आणि टचडाउन दरवर्षी हेलकावे खातात. काम बघा. रिसीव्हरला संघाच्या एकूण टार्गेट्सपैकी (झेलण्यासाठी फेकलेल्या चेंडूंपैकी) किती मिळतात? २५ टक्क्यांच्या पुढे असेल तर भक्कम. रनिंग बॅकला दर सामन्याला १५ कॅरी (चेंडू घेऊन धावणं) आणि तीन टार्गेट मिळत असतील तर तो संघाचा मुख्य माणूस आहे. ५० कॅचमध्ये १० टचडाउन करणारा रिसीव्हर स्वस्त दिसला तरी फसवा असतो. मोसमाच्या उत्तरार्धाकडे वेगळं लक्ष द्या, विशेषतः नवख्या रिसीव्हरच्या. डेट्रॉइटचा अमोन-रा सेंट ब्राउन २०२१चा चौथ्या फेरीतला, ११२वा. पहिले दोन-अडीच महिने कोणाच्या नजरेत नव्हता, शेवटच्या सहाही सामन्यांत त्याने आठ किंवा जास्त कॅच घेतले, आणि २०२२मध्ये १०६. एकूण गुणांच्या यादीत तो खाली दिसत होता, कामाच्या यादीत आधीच वर आला होता.

आता ड्राफ्टकडे. कीपर जाहीर झाले की एडीपीची (खेळाडू सरासरी कितव्या निवडीला जातो त्याची) छापील यादी तशीच वापरण्याच्या लायकीची राहत नाही. ३६ खेळाडू आधीच गेलेले असतात, आणि ते कुठून गेले यावर सगळं अवलंबून असतं. तुमच्या लीगमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांतले ठेवता येत नाहीत, त्यामुळे गेल्या वर्षीचे बहुतेक तारे परत बाजारात येतात. खड्डा पडतो तो मधे.

हा खड्डा मोजता येतो. समजा बाजारातल्या पहिल्या ६० पैकी २६ जण ठेवले गेले, म्हणजे मोकळे ३४. तुमची निवड ४०वी आहे आणि त्याआधीच्या निवडींपैकी ९ कीपरांवर गेल्या. म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात ३१वे निवडणारे, आणि मोकळ्या ३४ मधला ३१वा खेळाडू बाजारात साधारण ५५वा असतो. चौथ्या फेरीची निवड देऊन पाचव्या फेरीच्या मधला खेळाडू हाती येतो. बाराव्या-तेराव्या फेरीपर्यंत हा फरक आपोआप मिटतो, कारण तोवर स्वस्त कीपरांच्या निवडी खर्च झालेल्या असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. संपूर्ण ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा-सात निवडींची किंमत शाबूत राहते, तिसऱ्या ते सहाव्या फेरीच्या निवडी मात्र दिसतात त्यापेक्षा हलक्या असतात. कीपर जाहीर होण्याआधी निवडींची अदलाबदल करता येत असेल तर तुमची चौथी आणि पाचवी देऊन वर सरका. समोरचा बहुधा साध्या ड्राफ्टचा तक्ता डोक्यात ठेवून भाव करत असतो. दुसरं, चौथ्या-पाचव्या फेरीच्या दर्जाचे स्वस्त कीपर कागदावरच्या १४-१५ डॉलरपेक्षा जास्त मोलाचे ठरतात, कारण ते नेमकी हीच पोकळी भरतात. वर तारे, मधे कीपर, खाली जुगार असा संघ या नियमांत सगळ्यात मजबूत बसतो.

लिलावाच्या लीगमध्ये हीच गोष्ट एका भागाकारात येते. एकूण २,४०० डॉलर, ठेवलेल्यांची खरी किंमत ९०० आणि मोजलेली ४००. उरले पैसे २,०००, उरला माल १,५००. भागिले की १.३३. ज्याला तुम्ही ४५ लावले होते तो ६० ला जाणार. हे आधी केलं नसेल तर पहिल्या तासात सगळेच महाग वाटतात, हात आखडतो आणि शेवटी पैसे शिल्लक राहतात.

ड्राफ्टच्या दिवशी एक कागद समोर हवा: उभे १२ संघ, आडव्या १६ फेऱ्या, ज्या घरात कीपर बसलाय तिथे त्याचं नाव. तुमचा क्रमांक ११ असेल तर निवडी ११व्या आणि १४व्या, मधे फक्त बारावा संघ, त्याच्या दोन निवडी. त्याने दोन रनिंग बॅक आधीच ठेवले असतील तर तो बहुधा रिसीव्हरकडे जाईल. मग तुमच्या ११व्या निवडीला रिसीव्हर घ्या, बॅक १४ला मिळण्याची शक्यता चांगली. साध्या ड्राफ्टमध्ये शेजाऱ्याची गरज ओळखायला चार फेऱ्या जातात, इथे ती आदल्या दिवशीच कळते, आणि तरीही फार थोडे लोक हा कागद करतात. त्यावरच रनिंग बॅक किती ठेवले गेले तेही मोजा. ३६ पैकी २० बॅक असतील तर मधल्या फेऱ्यांत त्या जागेचा दुष्काळ नक्की, म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत निदान एक उरकून घ्या.

नवव्या फेरीपर्यंत फक्त या वर्षाचा विचार करा. दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत एकच निकष: हा पुढच्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीचा होऊ शकतो का? तिथे ३१ वर्षांचा, दर आठवड्याला सात गुण देणारा रिसीव्हर घेऊन काही मिळत नाही. दुसऱ्या वर्षातले रिसीव्हर आणि एनएफएलच्या पहिल्या तीन फेऱ्यांत निवडलेले, सध्या कोणाच्या तरी मागे उभे असलेले नवखे बॅक इथे घ्यावेत. बाय-वीक (संघाचा सुट्टीचा आठवडा) बघत बसू नका. किकर आणि डिफेन्स शेवटच्या दोन फेऱ्यांत.

जखमी खेळाडू पुढच्या वर्षासाठी स्वस्तात उचलणं ही चांगली खेळी आहे, फक्त वय आणि इजा नीट बघा. जेट्सचा ब्रीस हॉल ऑक्टोबर २०२२मध्ये एसीएल हा गुडघ्यातला लिगामेंट फाटला तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढच्याच मोसमात ९९४ यार्ड धावला आणि ७६ कॅच घेतले. क्लीव्हलँडचा निक चब सप्टेंबर २०२३मध्ये गुडघा गेला तेव्हा २७ वर्षांचा, त्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, २०२४मध्ये धावून ३३२ यार्ड. पंचविशीच्या आतला, एकाच लिगामेंटची इजा आणि मोसमाच्या सुरुवातीला झालेली, म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत पुरेसे महिने: हे तिन्ही जुळलं तरच जागा अडवा.

ऑगस्टचा धोका वेगळा आहे. बॉल्टिमोरच्या जे. के. डॉबिन्सचा गुडघा २८ ऑगस्ट २०२१ रोजी, प्री-सीझनच्या शेवटच्या सामन्यात गेला आणि अख्खा मोसम बुडाला. ज्यांनी कीपर ऑगस्टच्या सुरुवातीला कळवले होते त्यांची निवड फुकट गेली. कमिशनरकडे आग्रह धरा की कीपर कळवण्याची मुदत ड्राफ्टच्या दोन-तीन दिवस आधीची असावी आणि ड्राफ्ट लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवार-रविवारी, कारण मोसम सहसा त्यानंतरच्या गुरुवारी सुरू होतो. मुदत लवकरची असेलच तर जखमेपुरती बदलाची मुभा नियमांत लिहून घ्या.

तीनपेक्षा जास्त चांगले कीपर हाती असतील तर चौथा मुदतीच्या दिवशी मातीमोल होतो. त्यामुळे जुलैपासून ज्यांच्याकडे ठेवण्यासारखं काही नाही अशा संघांकडे दोन देऊन एक वरचा मागा, किंवा निवड मागा. मोसमात हीच देवघेव नवव्या ते अकराव्या आठवड्यात, ट्रेडची मुदत संपण्याआधी जमते. जिंकायच्या शर्यतीत असाल तर तळातल्या संघाकडे त्याचे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले तारे मागा. ते त्याला पुढच्या वर्षी ठेवता येत नाहीत, म्हणजे त्याच्यासाठी त्यांची किंमत डिसेंबरला शून्य होणार आहे. बदल्यात एक स्वस्त कीपर द्या. तळात असाल तर हाच सौदा उलट्या बाजूने करा, आणि एकाकडेच न जाता दोन-तीन दावेदारांना एकाच दिवशी विचारा. भाव आपोआप चढतो. पुढच्या वर्षीच्या निवडी विकता येत असतील तर विकणाऱ्याने पुढची फी आधी भरावी हा नियम लीगमध्ये हवाच. नाहीतर पहिल्या पाच निवडी विकून माणूस लीग सोडतो आणि त्या रिकाम्या संघाला नवा मालक मिळत नाही.